भिजलेली गाडी लपवायला लावू नका

पावसाळा सुरू झाला की आपल्या मुळगावातल्या बऱ्याच घरांत एक हुकूम सुटतो : रिमोटची गाडी आता चवथ होईपर्यंत बाहेर काढायची नाही. हुकूम सुटतो, पण पाळला जात नाही. मुले गाडी काढतातच. पागोळ्यांखालून, अंगणातल्या डबक्यातून, मैदानाच्या कडेच्या तांबड्या चिखलातून ती पळवतात आणि मग आईबाबांच्या नजरेस पडू नये म्हणून तशीच ओली कपाटात, दप्तरात नाहीतर खाटेखाली सरकवतात. आमचे म्हणणे या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे. चिखलात गाडी चालवणे हा आम्हांला अपराध वाटत नाही. पण ओली गाडी बॅटरीसकट अंधाऱ्या कोपऱ्यात लपवणे धोक्याचे आहे, आणि मुलांना तसे करावेसे वाटते याला आपण मोठी माणसेच कारण आहोत.

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षाचा एक तृतीयांश काळ आपण ओल्या मातीवर राहतो. मुलांनी एवढा काळ मोबाईलच्या पडद्याकडे बघत घरात बसावे अशी कोणाचीच इच्छा नसते; उलट पालकसभेत सर्वांत जास्त तक्रार त्याचीच होते. मग जी वस्तू मुलाला घराबाहेर ओढून नेते, तीच नेमकी पावसाळ्यात बंद करून ठेवायची, हा न्याय आम्हांला कळत नाही. आणि चिखलाचे आपल्याला वावडे तरी कधी होते? माशेलला आषाढात चिखलकाला होतो, तेव्हा थोरली माणसेसुद्धा देवळासमोरच्या चिखलात लोळतात. २०१४ पासून गोव्यात भर पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही मोठ्या जीपगाड्यांची स्पर्धाही सुरू झाली. चिखल आहे म्हणूनच देशभरातले लोक गाड्या घेऊन इकडे आले.

रिमोटच्या गाडीचा इतिहासही पाण्यापासून फार लांबचा नाही. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना रेडिओवर चालणारे पहिले वाहन दाखवले, ती होडी होती आणि ती पाण्याच्या हौदात फिरत होती. पुढे १९७९ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने ‘सँड स्कॉर्चर’ नावाची वाळूतली गाडी काढली, तिचे रेडिओचे भाग पाणी शिरू नये अशा बंद पेटीत बसवलेले होते. म्हणजे पाण्यात गाडी कशी टिकवायची हा प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे आणि त्याची उत्तरेही बरीचशी सापडलेली आहेत. ती आपल्या घरांपर्यंत पोचलेली नाहीत, इतकेच.

आधी बिघाड नेमका कशाने होतो ते पाहू, कारण ‘पाणी लागले की गाडी मेली’ हे अर्धेच खरे आहे. आभाळातून पडलेले स्वच्छ पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. तेच पाणी मातीतून वाहू लागले की त्यात क्षार विरघळतात आणि वीज वाहू लागते. अशा पाण्याचा एक थेंब सर्किटच्या दोन तांब्याच्या रेघांमध्ये बसला आणि बॅटरी जोडलेली असली, की तिथे विद्युत अपघटन सुरू होते. आठवी-नववीच्या मुलांनी प्रयोगशाळेत दोन कांड्या पाण्यात बुडवून हेच पाहिलेले असते. एका रेघेवरचे तांबे झिजते, हिरवट पूड जमते आणि काही दिवसांनी रेघ तुटते. बॅटरी काढून ठेवलेली असेल तर हीच झीज कितीतरी सावकाश होते. म्हणून भिजलेल्या गाडीवरचा पहिला उपचार म्हणजे बॅटरी काढणे. पुसायच्या आधी, कोणाला सांगायच्या आधी, ‘चालते का बघूया’ म्हणून बटण दाबायच्या तर नक्कीच आधी. ते एकदा बटण दाबून बघणे आजवर जितक्या गाड्यांना भोवले असेल तितका पाऊसही भोवला नसेल.

दुसरा शत्रू आपली माती. डिचोली तालुक्याची तांबडी माती बारीक असते आणि तिच्यात लोह भरपूर. आपल्याकडच्या खाणीतले खनिज बहुतांशी हेमटाइट आहे. त्याची भुकटी कठीण असते. ही माती ओली असताना मऊ लोण्यासारखी लागते, म्हणून मुलांना वाटते की ती निरुपद्रवी आहे. पण ती गिअरच्या दात्यांत आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरते, तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखे काम करू लागते. प्लॅस्टिकचे दाते आधी जातात, मग पितळेचे. गाडी ‘घरघर’ आवाज करू लागली आणि वेग कमी झाला, तर पुष्कळदा मोटर जळालेली नसून चिखल आत वाळलेला असतो. अशी गाडी कचऱ्यात टाकणे म्हणजे चाक अडकले म्हणून गाडा मोडून चुलीत घालण्यासारखे आहे.

म्हणून चिखलात फिरलेली गाडी पुन्हा पाण्यानेच धुवावी लागते. पालकांना हे विचित्र वाटते. आधीच भिजलेली, तिला आणखी कशाला भिजवायची? पण ओला चिखल निघतो, वाळलेला निघत नाही. बॅटरी काढल्यावर वरचे कवच सोडवावे, बादलीतल्या स्वच्छ पाण्याने तांब्या-तांब्याने चाके, गिअरपेटीचा बाहेरचा भाग, खालची चौकट धुवावी आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने सांधे साफ करावेत. नळीने जोराचा झोत मात्र मारू नये. ज्या रबरी कडीतून पावसाचे पाणी शिरले नसते, तिथून झोताचे पाणी शिरते. ज्या साध्या खेळण्याचे सर्किट उघडेच आहे, त्याच्या मधल्या भागाला पाणी न लावता ओल्या फडक्याने पुसून घेतलेले बरे.

मग वाळवण. इथे आपल्या हवेचा विचार करायला हवा. परदेशी माहितीपत्रकात ‘हवेशीर जागी रात्रभर ठेवा’ असे लिहिलेले असते. जुलै महिन्यात मुळगावात रात्रभर ठेवलेला टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे बेअरिंग काय वाळणार! गाडी उलटी करून झटकावी, सायकलच्या पंपाने सांध्यासांध्यांत हवा मारावी आणि पंख्याखाली कवच उघडे ठेवून निदान एक दिवस ठेवावी. चुलीजवळ किंवा गॅसवर धरू नये. प्लॅस्टिक वाकडे होते आणि चाके पुन्हा कधी सरळ पळत नाहीत. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची युक्ती मोबाईलपासून सगळीकडे पसरली आहे, पण तांदूळ उकडा असो की सुरय, त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. उलट त्याची पूड गिअरमध्ये जाते. त्यापेक्षा नव्या बुटांच्या, औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवाव्यात. पंख्याखाली वाळलेली गाडी घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा पुड्यांबरोबर ठेवली तर उरलेली दमट हवा त्या शोषून घेतात. पुड्या फोडू नयेत आणि घरातल्या लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नयेत.

वाळल्यावर तेल. हे काम मुले हमखास विसरतात आणि मोठी माणसे हमखास चुकीच्या तेलाने करतात. खोबरेल तेल घरात असते म्हणून तेच घातले जाते. काही दिवस चाक छान फिरते, मग तेल खवट व चिकट होऊन धूळ धरते आणि चाक आधीपेक्षा जड होते. शिलाई मशीनचे पातळ तेल सर्वांत सोपे. प्रत्येक बेअरिंगला एक थेंब, दोन नव्हे. साध्या कार्बन ब्रशच्या मोटरलाही आसाच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब पुरतो. आत ब्रशवर तेल गेले तर ते काजळी धरतात. ब्रश नसलेल्या नव्या मोटरीला पाण्याचे भय कमी, कारण तिच्या तारांवर लाखेसारखा लेप असतो आणि झिजायला ब्रशच नसतात. पण तिची बेअरिंगही पोलादाचीच, तीही गंजतातच.

‘आमची गाडी वॉटरप्रूफ आहे’ असे सांगणारी मुले आता बरीच भेटतात. खोक्यावर काय लिहिले आहे ते त्यांनी नीट वाचावे. ‘आयपीएक्स ४’ याचा अर्थ शिंतोडे सोसेल. ‘आयपीएक्स ७’ याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरेल. आणि ही खात्री बहुधा विजेच्या भागांपुरती असते, बेअरिंग व स्क्रू यांची नसते. शिवाय संदेशाचा प्रश्न राहतोच. आजचे बहुतेक रिमोट २.४ गीगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि पाणी त्या लहरी शोषून घेते. गाडी पूर्ण बुडाली की तिच्यापर्यंत संदेश पोचत नाही. मग ती कितीही वॉटरप्रूफ असली तरी तिला परत आणायला कोणीतरी पाण्यात उतरावे लागते. तो ‘कोणीतरी’ आपला मुलगा किंवा मुलगी असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

ज्यांची गाडी साधी आहे त्यांना थोडे घरगुती संरक्षण करता येते. रिसीव्हर सुटा असेल तर तो फुग्यात घालून तोंड तारांभोवती घट्ट बांधायचा, ही जुनी युक्ती अजून चालते. मात्र फुग्याला व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर विरघळल्यासारखे होऊन फाटते. आणि खेळ संपल्यावर फुगा सोडावा, नाहीतर आतल्या आत घाम धरतो. उघड्या सर्किटवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात दिला तर रेघांचे बरेच रक्षण होते. ताईची किंवा आईची परवानगी घेऊन! बटणे, जोडणीच्या पिना आणि गरम होणारे भाग यांवर तो लावायचा नाही.

आता बॅटरीकडे वळू. हा लेख लिहायला घेतला तो खरे म्हणजे तिच्यामुळेच. जुन्या गाड्यांत साधे पेन्सिल सेल असत. ते भिजले तर फार तर गळत आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशी येई. लिंबाच्या रसाच्या थेंबाने ती साफ करून, पुसून, वाळवून काम भागे. आजच्या वेगवान गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. त्यांतली लिथियम पॉलिमर बॅटरी मऊ पाकिटात असते. तिच्या एका सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. तिला टोचले, चेपले, जास्त भरले किंवा तिच्या तारांमध्ये ओल राहून दोन टोके जोडली गेली तर ती तापते, फुगते आणि पेट घेऊ शकते. ही आग एकदा लागली की घरातल्या माणसाला सहज विझवता येत नाही. अशी ओली बॅटरी कापडांनी भरलेल्या कपाटात किंवा कापसाच्या गादीखाली ठेवलेली असेल तर काय होऊ शकते, ते आम्ही अधिक रंगवून सांगत नाही. मूल ती तिथे का ठेवते? ‘पुन्हा भिजवलीस तर गाडीच फेकून देईन’ हे वाक्य त्याने ऐकलेले असते म्हणून.

पालकांना आमची कळकळीची विनंती आहे की हे वाक्य या पावसाळ्यात उच्चारू नये. गाडी भिजली म्हणून ओरडू नका. बॅटरी तशीच ठेवली, गाडी पुसली नाही, म्हणून जरूर ओरडा. मुलाला एवढे कळले की भिजलेली गाडी घेऊन समोर आल्यास मार नाही, मदत आहे, तर पुढची अर्धी काळजी मिटते. मग नियम घालता येतात आणि ते पाळलेही जातात. बॅटरी कोरडी झाल्याशिवाय आणि हाताला गार लागल्याशिवाय भरायला लावायची नाही. भरताना ती फरशीवर ठेवायची, खाटेवर किंवा सोफ्यावर नाही, आणि घरातले मोठे माणूस जागे व जवळ असतानाच. ज्या चार्जरबरोबर आली त्यानेच भरायची. पुढचे काही आठवडे गाडी चालवायची नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून न ठेवता मधोमध, म्हणजे सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, दाबून सपाट करायची नाही, घरातही ठेवायची नाही. वाळूच्या बादलीत घालून उघड्यावर ठेवायची. केराच्या डब्यात तर मुळीच टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर.

समुद्राबद्दल दोन शब्द. रविवारी पेडण्याकडे, केरी-हरमल-मोरजीला जाणारी कुटुंबे गाडी बरोबर नेतात. वाळूवर ती पळते झकास. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पावसाच्या चिखलापेक्षा ते पाणी कितीतरी घातक. ते वाळले तरी मीठ मागे राहते, मीठ हवेतली ओल ओढते आणि गाडी कपाटात बसल्या बसल्या गंजत राहते. खाजन शेतांच्या कडेचे पाणीही खारटच. एकदा खारे पाणी लागले तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने दोनदा धुणे, याला पर्याय नाही. आमचे मत विचाराल तर किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. मोरजीला नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या वाळूत चाके फिरवण्याचा हक्क आपल्याला नाही, खेळण्यातल्या चाकांनासुद्धा नाही.

गावातही सगळीकडे गाडी चालवता येणार नाही. ओहोळ, गटार आणि विहिरीचा काठ या जागा वर्ज्य. चिरेखाणींत आणि खाणींच्या जुन्या खड्ड्यांत पावसाळ्यात पाणी साठते, वरून ते शांत दिसते आणि काठ निसरडा असतो. अशा पाण्यात मुले बुडाल्याच्या बातम्या गोव्यात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. तिथे गाडी गेली तर ती गेली असे समजावे. तिच्यामागे कोणीही उतरू नये. हे घरी आधीच सांगून ठेवावे, कारण महागडी गाडी बुडताना पाहणारे मूल विचार करत नाही. नुकत्याच लावणी झालेल्या शेतात आणि मेरेवर चाके नेऊ नयेत. मेर फुटली तर पाणी दुसऱ्याच्या शेताचे जाते. अनवाणी गाडीमागे धावू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या बारीकशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. आणि ढग गडगडू लागले की मैदान सोडावे, मग फेरी अर्धी राहिली तरी चालेल.

एवढे सगळे नियम वाचून एखादे पालक म्हणतील, यापेक्षा कपाटात ठेवलेलीच बरी. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण आपल्याच तालुक्याकडे बघा. खाणी जोरात चालत तेव्हा पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थांबे. ते चार महिने ट्रकमालक रिकामे बसत नसत. इंजिने खाली उतरत, पाट्यांना ग्रीस लागे, गंजलेले पत्रे बदलत, रंगरंगोटी होई. पावसाळा म्हणजे डागडुजीचा हंगाम हे या भागातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नव्हते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. दारातले ट्रक गेले, त्यांच्याबरोबर ती सवयही गेली. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या वडिलांना आणि आजोबांना चिखलात रुतलेल्या एक्सलची, बसलेल्या बेअरिंगची भाषा समजते. ती त्यांनी मुलाला शिकवायची तर साधन कुठले? दहा चाकांचा ट्रक आता अंगणात नाही. टीचभर गाडी आहे. तिच्यातही डिफरन्शियल आहे, एक्सल आहे, गिअर आहे.

शाळेकडून काय व्हावे याविषयीही आमचे म्हणणे आहे. २०२१ मध्ये गोवा सरकारने शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्यासाठी ‘केअर्स’ ही योजना आणली आणि मुले आता यंत्राला आज्ञा देणे शिकू लागली, हे चांगलेच झाले. पण यंत्र उघडून पुसणे, गंज ओळखणे, स्क्रू कुठल्या भोकातला ते लक्षात ठेवणे हे त्यात येत नाही. म्हणून आम्ही सुचवतो की जूनपासून चवथीच्या सुट्टीपर्यंत दर शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञान प्रयोगशाळेतले एक मेज भिजलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवावे. लागणारे सामान म्हणजे एक पंखा, दोन बादल्या, त्यांतली एक वाळूची, स्क्रूड्रायव्हरचा संच, सायकलचा पंप, जुने ब्रश आणि मशीनच्या तेलाची बाटली. विश्वस्त मंडळाला याचा भार वाटू नये. देखरेखीला एक शिक्षक आणि आळीपाळीने एक जाणकार पालक असावेत.

यावर एका विश्वस्तांनी आमच्याशी बोलताना विचारले की ज्या घरी गाडीच नाही त्या मुलाने तिथे काय करायचे, आणि श्रीमंताच्या खेळण्यांचे प्रदर्शन शाळेने का भरवायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : या मेजावर चालू गाडीपेक्षा बंद पडलेल्या गाडीला जास्त किंमत असेल. प्रत्येक वाड्यावर माळ्यावर टाकलेल्या दोन-चार गाड्या सापडतील. एका गाडीमागे चार मुले बसवावीत, मालक कोण हे न बघता. एकाने उघडावी, एकाने धुवावी, एकाने जोडावी आणि एकाने वहीत नोंद करावी : तारीख, कुठे चालवली, पाणी कसले होते, काय उघडले, काय गंजलेले निघाले, किती तेल घातले. पुढच्या आठवड्यात कामे बदलावीत. ही वही मराठीतच लिहावी. आपल्या मुलांना कवितेचा आशय चार ओळींत लिहिता येतो, पण बसलेले बेअरिंग कसे सोडवले ते सरळ चार वाक्यांत लिहायला सांगितले तर ती अडखळतात. शब्द नाहीत असे नाही; तसे लिहायला कोणी सांगत नाही. आणि मुलींना वहीवर बसवून मुलांनी स्क्रूड्रायव्हर धरायचा, असे मात्र व्हायला नको.

हा विषय विश्वस्त मंडळाने पुढच्या बैठकीत घ्यावा अशी विनंती आहे. तोवर ज्यांच्या घरी बंद पडलेली रिमोटची गाडी आहे त्यांनी ती बॅटरी काढून, पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणून द्यावी. पिशवीवर मुलाचे नाव व इयत्ता लिहावी. रिमोट हरवलेला असला, चार चाकांपैकी तीनच उरलेली असली, तरी चालेल. फुगलेली बॅटरी मात्र मुलाच्या दप्तरातून पाठवू नये. पालकांनी आधी शाळेला कळवावे आणि ती स्वतः आणावी.